पट्टा तेवीस ते अठ्ठावीस

१

तेविसाव्या पट्ट्यातून उजेड आला आणि टोआकासेच्या तोंडून शब्द निसटला.

"खोटं आहे हे!"

बारा बायकांनी दोन्ही काठ धरून सालकापड उचललं होतं. चर्चमागच्या गवतावर ते सकाळपासून ऊन खात पडलं होतं, आता गुंडाळायचं होतं. पन्नास पट्ट्यांचं न्गातू, झाडाची साल ठोकून केलेलं, एक टोक आंब्याशी आणि दुसरं पार कुंपणाला. मधला भाग खाली लोंबत होता म्हणून टोआकासे त्याच्याखाली घुसली आणि डोक्याने तोलून धरत वर बघू लागली. ऊन बरोबर डोक्यावर होतं.

वीस, एकवीस, बावीस. काठावरचे काळे आकडे वाचत ती सरकत होती. प्रत्येक पट्ट्यात सालीच्या शिरा दिसत होत्या, उभ्यावर आडव्या. तेवीस मात्र कोरा. पांढराफटक, दुकानातल्या शर्टासारखा. चोवीसही तसाच. अठ्ठाविसापर्यंत कोरे, आणि एकोणतिसाला परत शिरा.

"काय खोटं आहे?" लोसालिनेने विचारलं. कापड तिचं होतं. ती ऑकलंडहून आली होती, शनिवारी तिच्या भाचीचं लग्न होतं आणि मुलीकडून हे कापड मुलाकडच्यांसमोर पसरलं जाणार होतं.

टोआकासेने जीभ चावली, पण आता काय उपयोग. लोसालिने स्वतः वाकून आत आली, चष्मा वर करून बघितलं, आणि तेविसाव्याच्या काठाला नख लावून ओढलं. सालीच्या दोन पातळ पापुद्र्यांमधून पांढरे केसाळ तंतू निघाले.

"कॉलरचं कॅनव्हास," ती म्हणाली. "शिंपी शर्टाच्या कॉलरमध्ये घालतो ते. वरखाली साल आणि मधे हे. जाड लागावं म्हणून."

बायकांच्या हातातून काठ सुटले. कापड धपकन गवतावर पडलं आणि टोआकासे त्याच्याखाली. ती धडपडत बाहेर आली तेव्हा सगळ्या एकाच दिशेला बघत होत्या. आंब्याखाली खुर्चीत तिची आत्या, फुसी, बसली होती.

वावाऊ बेटावर सालकापड घ्यायचं तर आधी फुसीला बोलवायचं, हे वीस वर्षं चालत आलं होतं. ती कापडावर हात फिरवायची, चिमटीत धरायची, हुंगायची, आणि "घ्या" किंवा "नका घेऊ" एवढंच म्हणायची. हे कापड तिने तीन आठवड्यांपूर्वी बघितलं होतं. "घ्या" म्हणाली होती.

"आमच्याकडून निघालं तेव्हा चोख होतं हं," कालोलाइने चटकन बोलली. कापड तिच्या मंडळाने केलं होतं आणि मंडळात तिचाच शब्द चालायचा. "फुसीबाईंनी स्वतः हात लावून बघितलंय. त्यानंतर ते ट्रकवाल्या केलेपीच्या खोलीत पडून होतं. तिथे काय झालं ते देवाला माहीत आणि केलेपीला."

"अदलाबदल केली मेल्याने!" कोणीतरी म्हणालं.

"केलीच असणार. फुसीबाईंची बोटं चुकतात होय?"

लोसालिने मात्र फुसीकडेच बघत होती. "शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांनी या. चोर सापडला तर ठीक. नाही सापडला, तर फुसीने 'घ्या' म्हणायचे काय घेतले, ते मी विचारेन. सगळ्यांसमोर विचारेन."

"ओ बाई, तोंड सांभाळा!" टोआकासे तिच्या अंगावर धावली. दोघींनी तिला मागून धरलं.

फुसी खुर्चीतून उठली. चेहऱ्यावर काही नाही. "घरी चल," ती म्हणाली.

२

घरी आल्यावर टोआकासेला एका जागी बसवेना. दारात जा, परत ये, खिडकीतून वाक.

"मी गप्प बसले असते तर?" ती म्हणाली. "शनिवारी दिलं असतं, घडी झाली असती, पेटीत गेलं असतं. कोणी बघितलं असतं?"

"मग वीस वर्षांनी कोणीतरी उघडून शिव्या दिल्या असत्या," फुसी म्हणाली. "चहा घे."

कप घेताना टोआकासेला आत्याच्या अंगठ्यावर टपोरा फोड दिसला. "आत्या, हे कधी भाजलं?"

"काय?"

"अंगठा."

आत्याने हात वळवून बघितलं. "असेल काहीतरी. बस जरा. बुडाला काटे टोचतायत का?"

टोआकासे नाही बसली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या अंगावर वही फेकून ती शाळेतून निघाली ती परत गेली नव्हती. बाप न्यूझीलंडला फळं तोडायला गेलेला. आत्याने ठेवून घेतली, कापडं बघायला बरोबर न्यायला लागली. साल कोवळी की जून, चिकटवायची चिकी नीट शिजली की गुठळ्या राहिल्या, रंग कोका झाडाचा की डब्यातला, हे टोआकासे भराभर शिकली. दुसरं काही येत नव्हतं तिला, नकोही होतं. आत्याचं नाव गेलं तर त्या दोघींना कोण बोलावणार होतं? आणि ज्या दिवशी हे कापड बघायचं होतं, त्याच दिवशी ती आत्याशी भांडून धक्क्यावर जाऊन बसली होती.

ती तडक केलेपीकडे गेली. केलेपीकडे एक ट्रक होता आणि एक पत्र्याची खोली. लोकांचं सामान आणायचा, ठेवायचा, पोचवायचा. ट्रकची पुढची काच आत्ताच फुटली होती आणि तो सीटवरचे तुकडे वेचत होता.

"लोसालिनेचे भाचे येऊन गेले," तो म्हणाला. "तू काय फोडणार? आरसा शिल्लक आहे बघ."

"कापड कुठे आहे?"

"कुठलं?"

"खरं! तेवीस ते अठ्ठावीस! कोणाला विकलंस?" तिने त्याची कॉलर धरली.

"सोड गं! शर्ट एकच धड आहे." त्याने तिची बोटं सोडवली. "मला सांग, मी मधले सहा पट्टे कापून नेणार, त्यांच्या जागी सहा खोटे चिकटवणार, त्यावर तशीच नक्षी काढणार? मला साधं पान काढता येत नाही. आणि गुंडाळीवरची गाठ? तुझ्या आत्याची गाठ होती. आज सकाळी कोणी सोडली?"

"मी."

"होती ना तिचीच?"

होती. केवड्याच्या पातीची, दोनदा पिळलेली. टोआकासेचा राग मात्र जाईना. "तू चोर नाहीस असं कोण म्हणेल?"

"कोणीच नाही! तीच तर गंमत आहे," केलेपी हसला, पण हसू तोंडातच राहिलं. "ते कापड रंगवत होत्या ना, त्याच दिवशी पलीकडच्या गावात म्हातारा दफन केला. दुपारी मंडळातल्या दहा जणींना ट्रकमधून मी नेलं. रडत गेल्या, गात आल्या, कोणी पेट्रोलचं नाव काढलं नाही. त्याच बायका आज माझ्या नावाने खडे फोडतायत. माझ्यावर घातलं की सगळ्यांची सोय होते. तुझीसुद्धा."

ती जायला वळली.

"ए टोआकासे! तुझे डोळे मोठे चलाख म्हणतात ना? मग माझं तोंड काय बघतेस? कापड बघ. कापलं असेल तर जोड असेलच ना कुठेतरी?"

३

हॉलला कुलूप होतं आणि किल्ली लोसालिनेच्या गळ्यात.

"पुरावा खायला आलीस?" तिने विचारलं.

"बघायला आले. तुम्ही बसा ना समोर. शिका काहीतरी."

लोसालिनेने दार उघडलं. गुंडाळी उलगडत दोघी तेविसाव्या पट्ट्यापर्यंत आल्या. टोआकासे पोटावर झोपली, गाल कापडाला टेकवला आणि तिरपं बघत सरकायला लागली.

"हे काय करतेस?"

"सपाट बघितलं तर सगळंच छान दिसतं. तुम्ही घेताना काय बघितलं?"

"नक्षी," लोसालिने म्हणाली. "फुलं आवडली मला."

"नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. आधी एक कोपरा चुरगाळायचा. साल असेल तर खडखडते आणि घडी धरून ठेवते. हे बघा." तिने बाविसाव्याचा काठ चुरगाळला. तो कडक आवाज करून तसाच राहिला. मग पंचविसाव्याचा चुरगाळला. तो मुकाट दबला आणि हळूहळू परत उलगडला. "कॅनव्हास. मग वास घ्यायचा. मग उन्हात धरून शिरा बघायच्या. मग चिमटीत धरून जाडी. काठाला जाड आणि मधे पातळ असं करून फसवतात. आणि हे सगळं झालं की मग फुलं."

"आणि फुसी काय बघते?"

"आत्याला यातलं काही लागत नाही. नुसती बोटं फिरवते."

लोसालिने खाली बसली आणि स्वतःही काठ चुरगाळून बघायला लागली.

टोआकासे बावीस आणि तेवीसच्या मधल्या रेघेवर आली. इथे जोड हवा. चिकीचा फुगवटा, एखादी सुरकुती. तिने नख फिरवलं, जीभसुद्धा लावली. काही नव्हतं. वरची साल बावीसमधून तेवीसमध्ये सरळ गेली होती. तिच्यावरून हाताने काढलेली वेलीची काळी रेघ, एका दमात ओढलेली, बाविसाव्याच्या पानापासून तेविसाव्याच्या कळीपर्यंत. दुसऱ्या टोकाला, अठ्ठावीस आणि एकोणतीसच्या मधे, तेच.

"जोड नाहीये," ती पुटपुटली.

"म्हणजे?"

"म्हणजे कापून काही बदललेलं नाही. पट्टा म्हणजे काही वेगळा तुकडा नसतो. एकच लांब कापड, पाटावर सरकवत सरकवत रंगवलेलं, दर खेपेला एक आकडा. साल चिकटवतानाच कॅनव्हास मधे घातलंय. अगदी पहिल्या दिवशी."

म्हणजे केलेपी सुटला. तिला क्षणभर बरं वाटलं, मग काहीतरी टोचलं, पण काय ते तिने बघितलं नाही. तिची नजर रंगाकडे गेली होती.

पाटाच्या दोन्ही बाजूंना सहा सहा बायका बसतात. चिंधी रंगात बुडवून जी ती आपल्याकडून मधापर्यंत घासते. मधे दोघींचे फराटे एकमेकींवर येतात आणि तिथे गडद कणा उमटतो. बाविसाव्यात कणा होता. एकोणतिसाव्यात होता. या सहांमध्ये नव्हता. सगळे फराटे एकाच बाजूने निघून पलीकडच्या काठापर्यंत गेले होते, लांब, ताणलेले, पोचता पोचता फिकट झालेले. आणि ते दोनच ठिकाणांहून पसरत होते.

"बारा जणी नव्हत्या," टोआकासे उठून बसली. "दोघीच होत्या. एका बाजूला बसलेल्या."

दहा जणी ट्रकमध्ये, असं केलेपी म्हणाला होता. मागे राहिलेल्या दोघी कोण, एवढंच त्याला विचारायचं होतं.

ती उड्या मारत दाराकडे निघाली तेवढ्यात लोसालिनेने मागून हाक मारली. आवाज मघासारखा चढा नव्हता.

"पोरी, एक सांग. कॅनव्हास पहिल्या दिवसापासून आत होतं. मग फुसीने बोटं फिरवली तेव्हा ते कुठे होतं?"

४

कालोलाइने अंगणात अळूच्या पानात मटण बांधत होती. सून नारळ खोवत होती. टोआकासेला बघून सुनेचा हात थांबला.

"काय गं, केलेपी कबूल झाला?" कालोलाइनेने विचारलं.

"त्या दिवशी दफनाला तुम्ही दोघी का नाही गेलात?"

"कोणत्या दिवशी?"

"कापड रंगवलंत त्या दिवशी. दहा जणी गेल्या. मागे दोघी राहिल्या."

"भिजवलेली चिकी टाकून जाऊ? रंग सुकून गेला असता. कोणीतरी राहायला नको?"

"आणि दोघींनी सहा पट्टे केले."

"केले असतील. मोजायला मी काय शाळेत जाते? तू तरी कुठे जातेस म्हणा."

सून खाली मान घालून हसली की रडली ते कळेना. टोआकासेची कानशिलं तापली, पण आज तिने हात मागे बांधून ठेवले.

"वादळात तुमची सालीची झाडं गेली," ती म्हणाली. "समुद्राचं पाणी शिरलं होतं वाडीत, सगळ्या गावाने बघितलं. सालीतला तुमचा वाटा कमी पडला. मंडळाची मुख्य तुम्ही, कोणाकडे मागणार? बायका गेल्या, तुम्ही मधे कॅनव्हास घातलंत. इथवर कळलं मला. एक नाही कळलं."

"काय?"

"भीती नाही वाटली? माझ्या आत्याने एका पातळ पापुद्र्यासाठी तुमचं अख्खं कापड परत पाठवलं होतं. महिनाभर तुम्ही तिच्याशी बोलत नव्हतात. तिच्यासमोर हे न्यायची हिंमत कुठून आली?"

कालोलाइनेने पानाची गाठ ओढली. इतकी ओढली की पान फाटलं. मग ती हसली, आणि ते हसू टोआकासेला अजिबात आवडलं नाही.

"ईस्टरच्या जेवणाला जमिनीतल्या भट्टीतला तापलेला दगड घरंगळून बाहेर आला. लाल होता, लाल. तुझ्या आत्याने उचलला आणि आत ठेवला. ओरडली नाही, हात झटकला नाही. मी शेजारीच होते. तिला वाटलं कोणी बघितलं नाही." तिने दुसरं पान घेतलं. "जा, सांग हॉलमध्ये माझं नाव. पण मग लोक पुढचा प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर कोणाच्या घरात आहे, बघ."

५

टोआकासे घरापर्यंत पळत आली आणि दारात थांबली. अंगठ्यावरचा फोड. आत्याला तो बघून कळला होता. त्याआधी नाही.

फुसी चटईवर बसली होती. टोआकासेने खिशातून दोन तुकडे काढले, हॉलमधून निघताना लोसालिनेला विचारून काठाचे फाडलेले. एक एकविसातला, एक सव्विसातला. ते तिने आत्याच्या मांडीवर ठेवले. मग आपण काय करतोय ते कळून तिने मान खाली घातली. बापाच्या थोरल्या बहिणीसमोर तिच्या घरातली पोरं मान वर करून बोलत नाहीत. तिची परीक्षा घेणं तर लांबच.

फुसीने तुकड्यांकडे बघितलं. हात लावला नाही.

"कालोलाइनेने सांगितलं?"

"कधीपासून, आत्या?"

"वर्ष झालं. साखरेने खाल्ली बोटं. दवाखान्यातल्या पोरीने सुई टोचली, म्हणाली, लागलं का? मी हो म्हणाले." तिने हात उलटे केले, सुलटे केले, जसे कोणा दुसऱ्याचे असावेत. "काय सांगू लोकांना? फुसीचे हात गेले? मग फुसी कशाला?"

"उन्हात धरून बघायचं होतं ना!"

"पाऊस होता त्या दिवशी. आणि वीस वर्षांत मी कधी उन्हात धरलं नाही. धरलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, आज का?"

"मला सांगायचं होतं! माझे डोळे आहेत, माझी बोटं आहेत..."

"तू धक्क्यावर होतीस."

टोआकासेने भिंतीला लाथ मारली. भिंत पत्र्याची होती, मोठ्याने वाजली.

"ऐक," फुसी म्हणाली. "शुक्रवारी जायचं, गप्प बसायचं. लोक केलेपीचं नाव घेतील. घेऊ दे. त्याला नाव आहेच कुठे? चार महिने शिव्या देतील, मग परत त्याच्याच ट्रकमध्ये बसतील."

"त्याची काच फोडली, आत्या."

"काच बसवता येते. मी कोण आहे तुझी?"

"आत्या."

"मग मी सांगते तेच."

टोआकासेने तुकडे उचलले आणि बाहेर पडली. रस्ता संपला तिथे वळली, परत आली, घरावरून पुढे गेली, पुन्हा वळली. डुकरं तिला बघून दरवेळी कुंपणातून आत पळत होती. आत्याचं ऐकलं तर केलेपी जाणार. नाही ऐकलं तर आत्या. तिसरं काही सुचेना.

६

शुक्रवारी हॉल भरला. लोक कमरेला चटया बांधून आले होते, जसे काही प्रार्थनेला. केलेपी एकटा खांबाला टेकून उभा होता. फुसी आली नव्हती. पोट बिघडलंय, असा निरोप होता.

"बोला कोणाला बोलायचं ते," लोसालिने म्हणाली.

"बोलायचं काय त्यात?" मागून एक काका उठले. "खोली कोणाची? किल्ली कोणाची?"

"तो नाही!" टोआकासे उभी राहिली. आपण उठलो हे तिला उठल्यावर कळलं.

मग ती बोलत गेली. जोड नसलेली साल. एका दमात ओढलेली वेल. गाठ जशीच्या तशी. मधला गडद कणा, आणि सहा पट्ट्यांत तो नसणं. तिने बायकांना उठवून कापडाजवळ आणलं, फराटे दाखवले, तुमचा हात ओळखा म्हणाली. एकेकीने वाकून बघितलं. आपापला हात सगळ्यांना ओळखता आला, फक्त त्या सहांमध्ये कोणाचाच नव्हता.

"आम्ही दफनाला होतो तेव्हा..." एकजण म्हणाली आणि थांबली. सगळ्यांच्या माना कालोलाइनेकडे वळल्या. तिची सून हुंदका देऊन बाहेर पळाली. मग बाकी काही सांगायची गरज उरली नाही.

केलेपीने खांब सोडला. काका खाली बसले.

"बरं," कालोलाइने म्हणाली. बसल्या जागेवरून, शांतपणे. "माझी झाडं गेली. केलं मी. रिवाजाप्रमाणे माफीची चटई घेऊन येईन, सगळ्यांच्या पाया पडेन. पण पोरी, तू अर्धंच सांगितलंस. एवढ्या हुशार बायका इथे आहेत, एकीने विचारलं नाही. मी नेलेलं कापड फुसीने घ्या का म्हटलं? तिला मी किती दिले? सांग ना."

उत्तर टोआकासेच्या जिभेवर होतं. पैसे नाही घेतले, एक दमडीही नाही, तिची बोटं मेलीत, एवढं वाक्य. ते निघेना. हॉल वाट बघत होता. बाहेर कोणीतरी चपला काढत होतं.

"तिला काय विचारता?" फुसी दारात उभी होती. "मला विचारा."

ती पुढे आली. लोक सरकून वाट देत गेले. टोआकासेच्या शेजारी येऊन ती थांबली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"कोणाकडून काही घेतलं नाही. माझ्या बोटांना वर्षभर काही लागत नाही. साल लागत नाही, कॅनव्हास लागत नाही, निखारा लागत नाही." ती सावकाश बोलत होती. "वर्षभर मी कापडं बघितलेलीच नाहीत. आणणारीचं तोंड बघायचे. घाबरलेली दिसली तर नका घेऊ, निवांत दिसली तर घ्या. अकरा कापडं तशी बघितली. कालोलाइने निवांत होती. का निवांत होती, ते आज कळलं."

तिने केलेपीकडे हात केला.

"केलेपीचं नाव घेऊ द्या असं मी या पोरीला सांगितलं होतं. तेही माझंच. काच मी बसवून देईन." मग ती लोसालिनेकडे वळली. "सहा पट्टे कापून टाक. चव्वेचाळीस उरतात, ते चोख आहेत. मी म्हणते म्हणून घेऊ नकोस. उन्हात धर."

लोसालिनेने चष्मा काढून पुसला. "टोकं ही जोडेल?" तिने टोआकासेकडे बोट केलं.

"जोडीन," टोआकासे म्हणाली. "मधला जोड कळणार नाही असा. पुढचे आकडे खरवडून परत घालते. चव्वेचाळीसपर्यंत सरळ."

"आकड्यांना हात लावायचा नाही," फुसी म्हणाली.

७

शनिवारी मुलीकडच्यांनी कापड पसरलं. मुलाकडचे लोक शामियान्यात चटयांवर बसले होते, ढोल थांबला होता, आणि त्यांच्यातली एक जाडजूड म्हातारी रिवाजाप्रमाणे काठाने चालत मोठ्याने आकडे वाचत होती. विसाला ती दम घ्यायला थांबली. एकवीस. बावीस.

"एकोणतीस?" ती म्हणाली. मागे गेली, परत पुढे आली. "बावीस, आणि एकोणतीस?"

शामियान्यात कुजबूज उठली. नवऱ्यामुलाच्या आईची मान ताठ झाली. लोसालिने उठायला लागली तशी फुसीने तिला हाताने बसवलं, आणि स्वतः उठली. बेटावरची निम्मी गावं इथे बसली होती. हॉलमध्ये तेवढी नव्हती.

"मधले सहा खोटे होते," फुसी म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी चोख म्हणून सांगितलं होतं. चूक माझी. माझ्या भाचीने पकडली. उरलेलं तिने आणि घेणारीने उन्हात धरून एकेक पट्टा करून तपासलंय. पटत नसेल तर तुम्हीही धरा."

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग कापडाकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून मोठ्या कष्टाने खाली बसली, काठ चिमटीत धरला, चुरगाळला, आवाज ऐकला. हुंगला. शेजारणीला दुसरं टोक धरायला सांगून उन्हाकडे उचलला.

शामियान्यातल्या बायका एकेक करून उठल्या. कोणी कोपरा धरला, कोणी वास घेतला, कोणी गाल टेकवला. नवरी कंटाळून उभ्या उभ्या पाय बदलत होती. आजवर कापड पसरलं की लोक फुसीच्या चेहऱ्याकडे बघून माना डोलवायचे. आज तिच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि ती एकटीच बसली होती, हात मांडीवर उपडे ठेवून.

टोआकासेला तिच्याशेजारी जाऊन बसायचं होतं आणि त्याच वेळी कापडाकडेही धावायचं होतं. तिकडे एक बाई बत्तिसावा उलटा धरून बघत होती आणि भलतंच काहीतरी सांगत होती.

"जा," फुसी म्हणाली. "नाहीतर फाडतील ते."